इंडिकेटर फास्टचा, गाडी स्लोची: चेंजअप शिकायला बसलेल्यांसाठी

मी नेरुळला राहतो. लहानपणी टेनिस बॉल क्रिकेट, नंतर ऑफिसवाल्यांबरोबर टर्फवर बॉक्स क्रिकेट, खेळाशी संबंध एवढाच. बेसबॉलमध्ये पडलो ते भाच्यामुळे. तो सातवीत असताना शाळेच्या टीमला पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) कमी पडला, सरांनी ह्याला उभा केला, आणि घरी प्रॅक्टिसला समोर बसणार कोण तर मामा. आता तो नववीत आहे आणि दर रविवारी सकाळी सहाला आम्ही मैदानावर असतो, क्रिकेटवाले स्टंप ठोकायच्या आधी तासभर मिळतो तेवढाच. फास्टबॉल आम्ही दोघंही दोन महिन्यात बरा टाकायला लागलो, पण चेंजअपने मला जवळपास वर्षभर रडवलं, कारण मी तो पहिल्या दिवसापासून उलटा शिकलो होतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

१. आधी चेंजअप म्हणजे काय ते नीट डोक्यात घ्या

चेंज म्हटलं की आपल्याला रिक्षावाल्याबरोबरची सुट्ट्या पैशांची मारामारीच आठवते, इथला चेंज स्पीडचा आहे. पिचर पाय तसाच उचलतो, खांदा तसाच फिरवतो, हात फास्टबॉलएवढ्याच जोरात आणतो, पण बॉल बोटांतून साधारण १० ते १५ टक्के हळू सुटतो. बॅटर हात बघून टायमिंग ठरवतो, बॅट फिरवून मोकळा होतो आणि बॉल अजून वाटेतच असतो. ठाणे स्टेशनला इंडिकेटरवर फास्ट लावायची आणि प्लॅटफॉर्मला स्लो आणायची, तसं. पब्लिक इंडिकेटर बघूनच तयार होतं ना. पिचरचा हात हा तो इंडिकेटर, पुढे सगळीकडे हेच लक्षात ठेवा.

क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर २०१८ ची मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट आठवा, लंचच्या आधीचा शेवटचा बॉल, बुमराने शॉन मार्शला स्लोअर यॉर्कर टाकून एलबीडब्ल्यू काढला होता. हात तोच, बॉल भलताच हळू. कल्पना तीच आहे, फक्त बेसबॉलमध्ये टप्पा नाही. खेळपट्टीची काही मदत नाही, पिचरला रनअपही नाही, तो जागेवर उभा राहून १८.४४ मीटरवरच्या प्लेटकडे (बॅटर उभा राहतो तिथली जमिनीतली पाटी) फेकतो. म्हणजे जे काही फसवायचं ते हवेतल्या हवेत.

नवीन माणूस तीन गोष्टी हमखास एकत्र करतो. कर्व्हबॉल वेगळा, तो मुद्दाम स्पिन देऊन वळवतात. स्लो-पिच सॉफ्टबॉल हा तर वेगळा खेळच आहे, तिथे नियमानेच बॉल खालून उंच कमान करून टाकायचा असतो, फसवाफसवीचा प्रश्न नाही. आणि तिसरा एफस, म्हणजे सरळ उंच झेलासारखा टाकलेला बॉल. पिट्सबर्गचा रिप स्युवेल १९४० च्या दशकात तो टाकायचा आणि भलेभले गडबडायचे, पण १९४६ च्या ऑल-स्टार मॅचमध्ये टेड विल्यम्सने त्याच बॉलवर होमरन मारला. एफस हळू येतोय हे आंधळ्यालाही दिसतं. चेंजअप हळू येतोय हे दिसता कामा नये.

२. सामान आणि कागद

बेसबॉल: वजन १४२ ते १४९ ग्रॅम. क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे हा हलका, पण घेर किंचित जास्त. त्यावर १०८ दुहेरी टाके असतात (आमच्या आईने हे ऐकल्यावर म्हणे, मग जप करत टाक). निदान तीन बॉल घ्या, एक झुडपात जातोच.

ग्लोव्ह: इथे मी पैसे घालवले. ज्या हाताने फेकता त्याच्या दुसऱ्या हातात ग्लोव्ह घालायचा असतो. मी उजव्या हाताने फेकतो, म्हणून ऑनलाइन ऑर्डर करताना भाबडेपणाने ‘राइट हँड’ निवडलं आणि आला तो उजव्या हातात घालायचा, डावखुऱ्यांचा. परत घ्यायला विकणाऱ्याने पंधरा दिवस टोलवलं. ऑर्डर करताना ‘उजव्या हाताने थ्रो करणाऱ्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलंय का बघा, नसेल तर आधी विचारा.

बाकी मोजायची टेप, फक्की किंवा खडू, मोजे (का ते शेवटी) आणि स्लो मोशन असलेला मोबाईल. समोर बसणाऱ्याला कॅचरचा मास्क आणि गार्ड पाहिजेच, मी पहिले चार रविवार मास्कशिवाय बसलो, तो मूर्खपणा होता. बारा वर्षांखालचं पोर असेल तर पूर्ण अंतरावरून टाकायला लावू नका, लिटल लीगमध्ये त्यांचं अंतर ४६ फूट, म्हणजे १४ मीटरच असतं.

शाळेकडून स्पर्धेत उतरायचं असेल तर बोनाफाईड, जन्मदाखला, आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एका फाईलमध्ये तयार ठेवा आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना बघा. बाकी क्रीडाशिक्षक सांगतील.

३. फास्टबॉल बसल्याशिवाय चेंजअपला हात लावू नका

ज्याचा फास्टबॉलच दहातले चार वेळा प्लेटवरून जातो त्याचा चेंजअप कोणाला फसवणार? आधी चार शिवणींचा साधा फास्टबॉल, पहिलं आणि मधलं बोट शिवणीवर आडवं, अंगठा खाली, बॉल बोटांच्या टोकांवर, तळव्यात फट राहिली पाहिजे. वीसपैकी बारा-तेरा स्ट्राइक (म्हणजे प्लेटवरून, बॅटरच्या गुडघा ते छातीच्या मधून गेलेले बॉल) पडायला लागले की पुढे चला.

स्पीड कमी आहे म्हणून नाराज होऊ नका. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने आपल्याकडच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला घेतलं (हा रिंकू केकेआरवाला नाही), दोघंही भालाफेकवाले, त्यांना निवडताना स्पीडला मोठं महत्त्व होतं. उलट टोक म्हणजे ट्रेव्हर हॉफमन. खांदा दुखावल्यावर त्याचा स्पीड गेला आणि मग चेंजअपच्या जोरावर त्याने ६०१ सेव्ह केले, म्हणजे शेवटी येऊन तेवढ्या मॅचची आघाडी सांभाळली. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

४. ग्रीप: बॉल हळू होतो तो इथेच

फास्टबॉलला शेवटचा धक्का बोटांची टोकं देतात, त्यातही हाताची सगळ्यात ताकदवान दोन बोटं. चेंजअपमध्ये तोच धक्का कमी करायचा. बॉल तळव्याकडे आत सरकवायचा आणि ताकदवान बोटांची ड्युटी कमजोर बोटांना द्यायची. हात कितीही जोरात आला तरी शेवटचा झटका बॉलपर्यंत पूर्ण पोचत नाही. स्पिनही कमी होतो, त्यामुळे फास्टबॉल जितका हवेत तरंगल्यासारखा येतो तितका हा येत नाही, प्लेटजवळ खाली बसतो.

तीन ग्रीप करून बघा, चौथीच्या नादी लागू नका.

सर्कल चेंज: जेवण झकास झालं हे सांगायला आपण अंगठा आणि पहिल्या बोटाचा गोल करून दाखवतो ना, तो गोल बॉलच्या बाजूला टेकवायचा. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट बॉलच्या वर, करंगळी दुसऱ्या बाजूला आधाराला. पेड्रो मार्टिनेझचा जगप्रसिद्ध चेंजअप हाच. पण त्याची बोटं विलक्षण लांब होती, तुमची नसतील तर गोल पूर्ण मिटत नाही. नाही मिटला तरी चालतं, सी सारखा अर्धा ठेवा.

तीन बोटांचा: पहिलं, मधलं आणि त्याच्या पुढचं अशी तीन बोटं वर, अंगठा आणि करंगळी खालून. लहान हातांसाठी हाच बरा, भाच्याने ह्याच्यावरच सुरुवात केली.

पामबॉल: बॉल अख्खा तळव्यात रुतवून. खूप हळू जातो पण कुठे जाईल ते त्या बॉललाच माहीत.

दाबायचा किती? उकडीचा मोदक हातात धरल्यासारखा. कळ्या मोडल्या नाही पाहिजेत आणि खालीही पडला नाही पाहिजे. नवीन माणूस बॉल निसटेल ह्या भीतीने इतका आवळतो की मनगट लाकूड होतं आणि बॉल कॅचरच्या दोन फूट आधी जमिनीत. नखं पांढरी पडली असतील तर समजा आवळताय.

५. हात स्लो करायचा नाही, नाही म्हणजे नाही

माझं वर्ष इथेच गेलं. बॉल हळू टाकायचाय ना, मग हात हळू फिरवा, हे इतकं स्वाभाविक वाटतं की कुणी सांगितलं तरी शरीर ऐकत नाही. मी ग्रीप बरोबर धरायचो आणि वर हातही ढिला सोडायचो, म्हणजे इंडिकेटरही स्लोचा आणि गाडीही स्लोची, मग फसणार कोण? एका रविवारी सेक्टरमधल्याच एका कॉलेजच्या पोराला हौसेने चेंजअप टाकला. त्याने आरामात वाट बघितली, एक पाऊल जास्तीचं घेतलं आणि असा हाणला की बॉल कंपाउंडपलीकडे उभ्या रिक्षाच्या टपावर. रिक्षावाले काका बॉल हातात घेऊन आत आले, दोनदा वर उडवून झेलला आणि म्हणाले, ‘हे काय हो, सीझन बॉल पांढरा कधी झाला?’ त्यांना अख्खा खेळ समजावून सांगण्यात वीस मिनिटं गेली. समजल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘मग तुम्ही त्याला हळू का टाकला?’ उत्तर नव्हतं.

भाचा कॅचरच्या जागेवरून हसत होता. ‘मामा, तुझा खांदाच सांगतो ना आधी.’

तर ह्यावर उपाय. वॉर्मअपला जे सहज थ्रो करता, त्यातले निम्मे चेंजअपच्या ग्रीपने करा, आणि अंतर वाढवत न्या, २० मीटर, २५ मीटर. लांब फेकायचं म्हटल्यावर हात आपोआप जोरात येतो, ढिला ठेवून चालतच नाही, आणि डोक्यातून ते ‘हळू टाकायचाय’ निघून जातं. मला ह्याने सहा आठवड्यात जो फरक पडला तो आधीच्या आठ महिन्यांत पडला नव्हता. स्वतःशी बोलायचंच असेल तर ‘फास्टबॉल टाकतोय’ एवढंच बोला, बाकीचं ग्रीप बघून घेईल.

बॉल सुटताना आणि सुटल्यावर मनगट आतून बाहेर वळतं, अंगठा खाली जातो, तांब्याने कुणाच्या ओंजळीत पाणी घालताना वळतं तसं. सर्कल चेंजला हे जास्त होतं आणि बॉल फेकणाऱ्या हाताच्या बाजूला सरकतो. म्हणजे उजव्या हाताचा पिचर असेल तर डावखुऱ्या बॅटरपासून बाहेर पळतो. मुद्दाम झटका देऊन मनगट पिळू नका, कोपर दुखायला लागेल. पूर्ण हात जाऊ द्या, वळतं आपोआप.

६. मोबाईलवर मोजा, अंदाजावर जाऊ नका

रडार गन आपल्याकडे कुठे असणार. मोबाईल स्टँडवर बाजूला लावा, पिचरचा हात आणि कॅचरचा ग्लोव्ह दोन्ही फ्रेममध्ये आले पाहिजेत, स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा. बॉल हातातून सुटला ती फ्रेम आणि ग्लोव्हमध्ये शिरला ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा, २४० ने भागा, सेकंद मिळाले. बॉल थोडा पुढे येऊन सुटतो म्हणून अंतर अंदाजे १७ मीटर धरा.

आमचंच उदाहरण देतो. माझा फास्टबॉल १५० फ्रेम, म्हणजे ०.६२५ सेकंद, ताशी ९८ किलोमीटरच्या आसपास (ट्रकवाल्यांनी ओव्हरटेक केल्यासारखा अपमान वाटतो, असो). चेंजअप १७५ फ्रेम, ०.७३ सेकंद, ताशी ८४. फरक १४ किलोमीटरचा, वेळेत बघितला तर एक दशांश सेकंद. ऐकायला काहीच नाही, पण फास्टबॉल प्लेटवर पोचतो त्या क्षणी चेंजअप अजून जवळपास अडीच मीटर मागे असतो. बॅट जाते रिकाम्या हवेतून.

फरक पाच-सहा किलोमीटरचाच येत असेल तर बॉल अजून आत सरकवा, तो चेंजअप नाही, थकलेला फास्टबॉल आहे आणि तो सगळ्यात जास्त मार खातो. फरक २५ च्या वर गेला तर बॅटरला थांबून दुसऱ्यांदा बघायला वेळ मिळतो. तोच व्हिडिओ दोन्ही बॉलसाठी शेजारी शेजारी लावून नुसता हात बघा, वेगळा दिसला की परत पाचवर जा.

७. लपवायला शिका

बॅटर आणि त्याच्या मागे बसलेली अख्खी टीम तुमच्याकडे बघत असते. सर्कल ग्रीप करायला बोटं जास्त हलतात, ग्लोव्ह पसरतो, कोपर हलतं, आणि समोरच्याला दोन ओव्हरमध्ये (सवय जात नाही, दोन इनिंगमध्ये) कळतं. युक्ती अशी की ग्लोव्हमध्ये हात घातला की आधी चेंजअपचीच ग्रीप धरायची, कॅचरने फास्टबॉल मागितला तर मग बदलायची. फास्टबॉलची ग्रीप धरायला काहीच कष्ट नाहीत, त्यामुळे बाहेर काही दिसत नाही. उलटं केलं की दिसतं.

भाच्याचं वेगळंच होतं. चेंजअप टाकताना त्याची जीभ बाहेर यायची, अगदी चित्र काढताना लहान मुलांची येते तशी. आम्ही तीन महिने हात तपासत बसलो आणि समोरच्या शाळेची पोरं मजेत हाणत होती. शेवटी त्यांच्याच एका पोराने मॅचनंतर सांगितलं, ‘अरे जीभ आत ठेव ना.’ म्हणून समोरूनही व्हिडिओ काढा, बॅटर बघतो तिथून.

८. मॅचमध्ये कधी टाकायचा, कधी नाही

काउंटचं एक वाक्यात: आधी बॉल (इथे अर्थ, स्ट्राइकच्या जागेबाहेर गेलेला आणि बॅटरने सोडलेला), मग स्ट्राइक (बॅटरने बॅट फिरवून हुकवलेलाही त्यातच); चार बॉल झाले की बॅटर फुकट बेसवर, तीन स्ट्राइक झाले की आउट. २-० किंवा ३-१ असेल तर पिचरला आता स्ट्राइक टाकायचीच आहे हे बॅटरला माहीत असतं, तो फास्टबॉलवर टपून बसलेला असतो. चेंजअपची खरी जागा ही. पण तेवढा कंट्रोल लागतो, नाहीतर ३-० होऊन बसतं. ०-२ आणि १-२ ला बॅटर आउट व्हायच्या भीतीने काहीही मारायला जातो, तेव्हा गुडघ्याच्या खाली टाका, स्ट्राइक नसला तरी चालेल. नवीन असाल तर सुरुवात १-२ वरच करा, चुकला तरी हातात बॉल उरतात.

आधी एक-दोन फास्टबॉल दाखवल्याशिवाय टाकू नका. बॅटरच्या डोक्यात फास्टचं वेळापत्रक बसलंच नसेल तर ते चुकवणार काय. आणि कायम खाली. छातीच्या उंचीवर राहिलेला चेंजअप म्हणजे बॅटरला वाढून ठेवलेलं ताट.

कमजोर बॅटरला टाकू नका. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या नंबरचं पोर, फास्टबॉलला बॅट उशिरा येते, दोन स्ट्राइक झालेत, आणि भाच्याने शहाणपणा करून चेंजअप टाकला. बिचाऱ्याची उशिरा येणारी बॅट बरोब्बर वेळेवर आली. मॅच तिथे गेली. जो फास्टबॉललाच पुरत नाही त्याला फास्टबॉलच.

बेसवर पळणारा रनर असेल तरही सांभाळून, बॉल पोचायला जास्त वेळ म्हणजे त्याला चोरी करायला, म्हणजे पुढच्या बेसवर पळून जायला, जास्त वेळ. कॅचरबरोबर खुणा आधी ठरवा, बहुतेक ठिकाणी एक बोट फास्टबॉल आणि चार बोटं हलवली की चेंजअप. कॅचरला माहीतच नसेल की हळू येतोय तर तोही फसतो, मला नाकावर लागलाय.

पोरांच्या हाताचं: अमेरिकेतल्या पिच स्मार्टच्या सूचनांप्रमाणे ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ आणि १३-१४ च्या मुलाने ९५ पेक्षा जास्त पिच टाकायचे नाहीत, आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ च्या वर टाकले तर पुढे चार दिवस आराम. घरची प्रॅक्टिस अंगणातली आहे म्हणून मोजायची नाही असं करू नका, खांद्याला अंगण आणि मैदान सारखंच. लहान मुलांना कर्व्हबॉलच्या आधी चेंजअप शिकवतात, कारण ह्यात मनगट पिळायचं नसतं.

९. पावसाळ्यात

जूनच्या मध्यापासून मैदानात तळं असतं आणि ओला बॉल सर्कल ग्रीपमध्ये राहत नाही, साबणासारखा निसटतो, शिवाय कातडं फुगतं ते वेगळंच. तेव्हा पार्किंगमध्ये जुन्या चादरीचा पडदा बांधून मोज्यांचे गोळे टाका. पूर्ण जोराने टाकले तरी काच फुटत नाही, वॉचमन येत नाही आणि हाताचा स्पीड टिकतो, चेंजअपला हवाय तोच. खरा बॉल घरात फक्त धरायला. आमच्याकडे टीव्हीसमोरच्या टीपॉयवर एक जुना बॉल पडलेला असतो, येता-जाता उचलायचा, न बघता ग्रीप धरायची, सोडायची, परत धरायची. ताईने त्याच्यावरून दोनदा तो बॉल बाल्कनीत टाकलाय, आणि दोन्ही वेळा काय सुरेख फास्टबॉल होता.